हेग्राची कोरीव थडगी पाहायला जाताना: व्हिसापासून शेवटच्या थांब्यापर्यंतचा क्रम

सौदी अरेबियाच्या वायव्य भागात अल-उला नावाचं मरूद्यान आहे. खजुराच्या त्या पट्ट्यापासून उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर हेग्रा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे राज्य करणाऱ्या नबातियन या अरब लोकांनी वालुकाश्माच्या सुट्या टेकड्यांत कोरलेली १११ मोठी थडगी इथे आहेत आणि त्यांतली ९४ नक्षीदार आहेत. २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं हे सौदीतलं पहिलं ठिकाण.

वेरूळला आपण गाडी लावतो, तिकीट काढतो आणि पाय दुखेपर्यंत आपल्या मनाने हिंडतो. हेग्रात असं होत नाही. ठरलेल्या वेळेची फेरी घ्यावी लागते, तिथल्या अधिकृत बसमधून, तिथल्याच मार्गदर्शकाबरोबर. हे ठाऊक नसल्याने लोक आधी विमान, मग हॉटेल आणि शेवटी फेरीचं तिकीट शोधतात. तोवर हव्या त्या दिवसाच्या जागा संपलेल्या असतात. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका.

१. आधी नावांचा घोळ सोडवा

एकाच जागेला तीन-तीन नावं आहेत. नकाशावर, तिकिटावर आणि जुन्या लेखांत ती वेगवेगळी येतात.

- हेग्रा, अल-हिज्र आणि मदाइन सालेह ही एकाच स्थळाची नावं आहेत.
- जबल अल-बनात आणि कस्र अल-बिंत हा एकच थडग्यांचा डोंगर.
- कस्र अल-फरीद म्हणजे एकट्या खडकात कोरलेलं, सगळ्या फोटोंत दिसणारं थडगं. लिह्यान बिन कुझा याचं थडगं म्हणतात तेही हेच.
- दादान आणि अल-खुरैबा ही एकाच प्राचीन शहराच्या अवशेषांची नावं. पण हे हेग्रात नाही. ते अल-उला गावाजवळ आहे आणि त्याचं तिकीट वेगळं.

तपासा: ज्या फेरीचे पैसे भरताय तिच्या वर्णनात 'हेग्रा' हा शब्द आहे ना? 'अल-उला दर्शन' अशा नावाच्या काही खासगी सहली जुनं गाव आणि हत्तीच्या आकाराचा खडक दाखवून परत आणतात.

२. व्हिसा

भारतीय पासपोर्टवर सगळ्यांना सरसकट ऑनलाइन व्हिसा मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध आणि निदान एकदा वापरलेला व्हिसा असेल, किंवा आखाती देशात निवासी परवाना असेल, तर काम बरंच सोपं होतं. दुबई, दोहा, मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्यांना त्यामुळे ही सहल भारतातून येणाऱ्यांपेक्षा हलकी जाते. बाकीच्यांनी व्हिसा केंद्रात अर्ज आणि बोटांचे ठसे द्यायचे. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरची पात्रता पुन्हा वाचा. नातेवाइकांचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव इथे कामाचा नाही.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली असावी.

३. महिना आणि वेळ ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. दिवसा हवा सुखद असते आणि रात्री कडक थंडी पडते, पारा १० अंशांच्या खाली जातो. मे ते सप्टेंबर दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास किंवा वर. उन्हाळ्यात जावंच लागलं तर सकाळची पहिली फेरी घ्या, दुसरा पर्याय मनात आणू नका.

तीन गोष्टी तारखा ठरवतानाच पाहा. एक, सौदीत आठवडी सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, म्हणून रविवार ते बुधवार गर्दी कमी. दोन, शुक्रवारच्या नमाजामुळे त्या दिवशीच्या वेळा बदलू शकतात. तीन, रमजान सध्या हिवाळ्याच्या उत्तरार्धात येतो. त्या महिन्यात फेऱ्यांच्या वेळा बदलतात आणि दिवसा चारचौघांत खाणंपिणं टाळावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत अल-उलात 'विंटर ॲट तंतोरा' महोत्सव भरतो. तेव्हा हॉटेलचे दर चढतात आणि जागा लवकर भरतात. थडगी पाहणं हाच हेतू असेल तर महोत्सवाचे दिवस टाळलेले बरे.

वेळ सकाळची की दुपारची? दुपारची शेवटची किंवा तिच्या आधीची फेरी आम्ही वरची मानतो. उतरतं ऊन दगडावरून तिरकं जातं तेव्हा अक्षरं, पायऱ्यांची नक्षी, टाकीचे घाव सगळं उठून दिसतं. भर दुपारी समोरून पडलेल्या उजेडात तीच भिंत सपाट वाटते. डिसेंबरात तिथे सूर्यास्त साडेपाच ते पावणेसहाच्या सुमारास होतो आणि फेरीला साधारण दोन तास लागतात. म्हणजे त्या महिन्यात तीनच्या आसपास सुटणारी फेरी धरा. चार वाजता सुटणाऱ्या फेरीत शेवटचं थडगं अंधारात सापडायचं.

सावधान: थांब्यांचा क्रम बसचा मार्ग ठरवतो. 'कस्र अल-फरीदला सूर्यास्ताच्या वेळी न्या' ही विनंती करून पाहा, पण त्या भरवशावर आखणी करू नका.

४. आधी फेरीचं तिकीट, नंतर विमान

बहुतेक चुका इथेच होतात.

१) अल-उलाच्या अधिकृत पर्यटन संकेतस्थळावर जाऊन तुमच्या आठवड्यातल्या कोणत्या दिवशी, किती वाजता जागा आहेत ते पाहा. पैसे लगेच भरू नका.

२) त्याच वेळी विमानाचे आणि हॉटेलचे दर दुसऱ्या खिडकीत उघडून ठेवा. तिन्ही जुळले की आधी फेरीचे पैसे भरा, मग विमान, मग हॉटेल.

३) फेरी अल-उलात पोहोचण्याच्या दिवशी कधीही ठेवू नका. परतीच्या दिवशीही नको. मधल्या दिवशी ठेवा, म्हणजे विमान चुकलं किंवा वाऱ्यावावटळीने फेरी रद्द झाली तर एक दिवस हाताशी राहतो. दोन रात्री हा किमान हिशेब, तीन असल्या तर निवांत.

४) फेरी कोणत्या भाषेत आहे ते पाहा. इंग्रजीऐवजी अरबी निवडली गेली तर दोन तास नुसतं बघत बसावं लागतं.

पैसे भरताना आपल्याकडची कार्डं अडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरचा परदेशी व्यवहार आपण चालू करेपर्यंत बंदच असतो. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा, मर्यादा वाढवा आणि मगच तिकिटाचं पान उघडा. नाहीतर निवडलेली वेळ हातची जाते.

तपासा: आलेल्या मेलमध्ये तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि फेरी जिथून सुटते ते ठिकाण. हे ठिकाण म्हणजे थडग्यांपाशी असलेलं फाटक असेलच असं नाही. 'हेग्रा' असं नकाशात टाकून निघालेले लोक भलत्याच कुंपणापाशी पोहोचतात आणि तोवर बस सुटलेली असते. मेलमधल्या दुव्यावरूनच नकाशा उघडा.

५. पोहोचायचं कसं

मुंबईहून जेद्दा किंवा रियाध, तिथून देशांतर्गत विमानाने अल-उला, हा सरळ मार्ग. अल-उलाचा विमानतळ गावापासून साधारण ३५ किलोमीटरवर आहे. इमिग्रेशन सौदीतल्या पहिल्या विमानतळावरच होतं. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर तिथे सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, म्हणून मध्ये किमान चार तास ठेवा. दोन्ही विमानांचं टर्मिनल एकच आहे का तेही पाहा.

दुसरा मार्ग मदिनेहून रस्त्याने, तीनशेहून अधिक किलोमीटर, साडेतीन ते चार तास. मदिनेत हरमच्या, म्हणजे मुख्य मशिदीभोवतीच्या पवित्र परिसराच्या, हद्दीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. नकाशाचं ॲप जवळचा रस्ता म्हणून शहराच्या आतून नेऊ शकतं. त्यामुळे रस्त्यावरच्या पाट्या वाचत चला आणि बाहेरचा वळणरस्ता धरा. मक्केच्या बाबतीत ही मनाई आणखी काटेकोर आहे.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या, आरटीओत मिळतो. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची असते. पहिला अर्धा तास विमानतळाच्या मोकळ्या रस्त्यावर सराव करा. वेगाचे कॅमेरे सगळीकडे आहेत. पेट्रोलपंप दूरदूर असल्याने टाकी अर्धी झाली की भरून घ्या.

सावधान: अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी हाकू नका. रस्त्यात उंट येतात. त्यांचे पाय लांब आणि धड उंच असल्याने धडक बसली की सगळं वजन थेट काचेवर येतं.

गाडी नसेल तर विमानतळ, हॉटेल आणि फेरीचं ठिकाण या तिन्हींमधली ने-आण हॉटेलकडून आधीच लेखी ठरवून घ्या. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळेल ही आशा ठेवू नका.

६. सामान: काय न्यायचं, काय मुळीच नाही

आधी न नेण्याच्या गोष्टी. खसखस नेऊ नका. डिंकाच्या लाडवात, अनारशावर, वाटणाच्या पुडीत ती नकळत जाते आणि आखाती देशांत अमली पदार्थ म्हणून धरली जाते. आईने बांधून दिलेला डबा आधी उघडून पाहा. गुटखा आणि दारू घरीच ठेवा. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळ्या लागतच असतील तर आधी परवानगीचे नियम पाहा आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी मूळ पाकिटासह ठेवा. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही, तो घेऊनच जाऊ नका.

न्यायच्या गोष्टी:

- घोटा झाकणारे बूट. थडग्यांभोवती भुसभुशीत वाळू आहे, चपलेत ती भरते आणि तापते.
- काठाची टोपी आणि गळ्याभोवती गुंडाळायला सुती पंचा किंवा ओढणी. वारा सुटला की वाळू तोंडावर येते.
- हिवाळ्यात एक जाड जाकीट. दुपारी तीनला नको वाटतं, साडेपाचला त्याच्यावाचून काकडायला होतं.
- माणशी दीड लिटर पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटं.
- लहान दुर्बीण. हेग्रात ती सोयीची, दादानमध्ये तिच्याशिवाय काही दिसत नाही.
- मोबाइलची जादा बॅटरी.

कपडे सैल, खांदे आणि गुडघे झाकणारे. परदेशी स्त्रियांना अबाया सक्तीचा नाही. पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि सलवार तिथल्या उन्हालाही चांगली.

शाकाहारी असाल तर गावातल्या साध्या खानावळींत फूल म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ, फलाफल, हम्मस आणि तमीस ही मोठी तंदुरी रोटी मिळते. हॉटेलांतलं जेवण महाग आहे.

७. हेग्राच्या आधी दादान पाहा

हा क्रम बहुतेक जण उलटा करतात आणि मग दादानला गेल्यावर 'एवढंच?' म्हणतात. दादान हेग्राहून जुनं आहे. तिथली थडगी कड्यात चौकोनी भोकं पाडल्यासारखी साधी. त्यांतल्या दोन थडग्यांच्या वर सिंह कोरलेले आहेत, जमिनीपासून सुमारे ५० मीटर उंचीवर. वर चढायला परवानगी नाही. खालच्या सज्जावरूनच पाहायचं, म्हणून दुर्बीण. आधी हे पाहिलं की हेग्राच्या भिंती किती वेगळ्या आहेत ते आपोआप कळतं.

जबल इकमा ही शिलालेखांची घळ दादानजवळच आहे. २०२३ साली ती युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' नोंदवहीत गेली. दोन्हींना मिळून अर्धा दिवस पुरतो. सकाळी दादान आणि इकमा, दुपारी हॉटेलवर जेवण आणि विसावा, मग हेग्रा, हे एका दिवसात बसतं. बरोबर सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर दोन दिवसांत विभागा.

८. फेरीचा दिवस

१) मेलमध्ये दिलेल्या वेळेच्या ४० मिनिटं आधी पोहोचा. पार्किंग, पासपोर्ट दाखवणं, स्वच्छतागृह यात अर्धा तास सहज जातो. बस कुणासाठी थांबत नाही.

२) स्वच्छतागृहात इथेच जाऊन या. मधल्या प्रत्येक थांब्यावर सोय असेल असं धरू नका.

३) तिकिटाचा क्यूआर कोड फोनमध्ये फोटो म्हणून साठवलेला असू द्या. वाळवंटात रेंज ऐन वेळी जाते.

४) बसमध्ये दाराजवळची जागा घ्या. आधी उतरणाऱ्याला थडग्यासमोर दोन-तीन मिनिटं माणसांशिवाय मिळतात.

५) मार्गदर्शकाला तिथे 'रावी' म्हणतात. सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारून ठेवा: आज कोणत्या थडग्याच्या आत जाता येईल, आणि कोणता शिलालेख वाचून दाखवाल? बरीचशी थडगी आतून बंद असतात. जे उघडं असेल तिथे वेळ राखून ठेवणं शहाणपणाचं.

थांबे साधारण असे: जबल इथलिब, जिथे दोन कड्यांमधली अरुंद वाट आणि खडकात कोरलेली 'दिवाण' नावाची बैठक आहे; ते थडगं नव्हे. मग जबल अल-बनात, जबल अल-अहमर आणि कस्र अल-फरीद. चालणं फार नाही, पण वाळूतलं आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी काठी घ्यावी.

९. थडगं कसं बघायचं

लेणी पाहायची सवय असलेला मराठी माणूस सरळ दारातून आत जातो आणि निराश होतो. आत मूर्ती नाही, चित्र नाही, खांब नाहीत. एक ओबडधोबड खोली आणि भिंतीत प्रेतं ठेवायचे कोनाडे, बस्स. हेग्रात सगळं काम बाहेरच्या भिंतीवर आहे. म्हणून आत धावू नका. आधी पंधरा-वीस पावलं मागे जा आणि भिंत वरून खाली वाचा. वेरूळच्या कैलासासारखंच हे कामही माथ्यापासून खाली आलेलं आहे, त्यामुळे वाचण्याची दिशाही तीच.

- माथा: पायऱ्यांची नक्षी. कुठे लहान पायऱ्यांच्या एक-दोन ओळी, कुठे दोन मोठे अर्धे जिने, मधून दोन्ही कडांकडे वर चढत गेलेले.
- त्याखाली बाहेर झुकलेली पन्हळीसारखी कड. हा इजिप्तकडचा घाट.
- कडेचे अर्धस्तंभ: भिंतीतून थोडेसे पुढे आलेले. त्यांचे माथे कोपऱ्यांत शिंगांसारखे बाहेर निघतात. ही नबातियन कारागिरांची खूण.
- दाराभोवती त्रिकोणी कमान, टोकांना कलश, वर पंख पसरलेला गरुड. बऱ्याच गरुडांची डोकी तुटलेली आहेत. कुठे सर्प, कुठे मुखवटा दिसेल.
- दारावरची गुळगुळीत चौकट: शिलालेख असला तर इथे.

या चौकटीसमोर थांबा. इथले लेख म्हणजे दस्तऐवज आहेत: थडगं कुणाचं, कुणाकुणाला इथे पुरता येईल, ते विकलं, गहाण टाकलं किंवा परक्याला पुरलं तर देवाला आणि राजाला किती दंड, कोणत्या वर्षी काम झालं आणि कोरणारा कोण. तारखा असलेले लेख इसवी सनपूर्व १ ते इसवी सन ७५ या काळातले आहेत. काही थडगी बायकांच्या नावावर आहेत. जबल अल-अहमरवरचं हिनात हिचं थडगं त्यांतलंच. तिथे सापडलेल्या अवशेषांवरून घडवलेला नबातियन स्त्रीचा चेहरा २०२३ साली लोकांपुढे आला. खातेउतारे आणि वारसांच्या नोंदी वाचणाऱ्या आपल्या माणसांना हा भाग ओळखीचा वाटतो. रावीला एक तरी लेख ओळीओळीने वाचायला सांगा.

कस्र अल-फरीद शेवटी आलं तर उत्तम. सुमारे २२ मीटर उंच, दर्शनी भागावर चार अर्धस्तंभ. लोक समोर उभे राहून फोटो काढतात आणि परततात. तुम्ही जवळ जाऊन खालचा तिसरा हिस्सा बघा. वरचा भाग तासून गुळगुळीत केलेला आहे, खालचा तसाच खडबडीत सोडलेला आहे. टाकीचे तिरके घाव अजून मोजता येतात. काम अर्धवट राहिल्याने कोरण्याची रीत इथे उघडी पडली आहे. नंतर खडकाला बाजूने जितकं जाऊ देतील तितकं जाऊन पाठ पाहा. समोर राजवाडा आणि मागे साधा धोंडा आहे, हे त्याशिवाय पटत नाही.

तपासा: बसमध्ये परतण्याआधी एक शिलालेख, एक तुटका गरुड, पायऱ्यांचे दोन्ही प्रकार आणि एक अर्धवट भिंत पाहून झाली का?

१०. हात, पाय आणि कॅमेरा

हा वेरूळचा कठीण बसाल्ट नाही. वालुकाश्म बोट घासलं तरी कण सोडतो. टेकू नका, अक्षरांवरून बोट फिरवू नका, मुलांना उंबऱ्यावर चढवू नका. वाळूत पडलेला खापराचा तुकडा उचलू नका. खिशात घालणं हा गुन्हा आहे, आणि तुकडा जागचा हलला की अभ्यासकांच्या दृष्टीने त्याचा अर्थच जातो.

फोटोसाठी मोबाइलवरची सर्वांत रुंद चौकट लागते, पण त्यात अर्धस्तंभ आतल्या बाजूला झुकतात. शक्य तितकं मागे जाऊन साध्या चौकटीत घ्या. उंची कळावी म्हणून दाराजवळ एक माणूस उभा करा. स्थानिक लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत.

आणखी एक. हे ठिकाण कुराणात समूद ही प्राचीन अरब जमात आणि पैगंबर सालेह यांच्या संदर्भात येतं. काही मुस्लिम सहप्रवासी श्रद्धेपोटी थडग्यांच्या आत जात नाहीत किंवा इथे फार रेंगाळत नाहीत. त्यांना आग्रह करू नका, आणि थडग्यासमोर नाचाचे व्हिडिओ तर नकोच.

११. गडबड झाली तर

बस चुकली: तिथल्या खिडकीवर त्याच दिवशीच्या पुढच्या फेरीत जागा आहे का विचारा. सकाळची फेरी चुकलेल्याला दुपारची मिळू शकते, शेवटची चुकलेल्याला काहीच मिळत नाही. फेरी वाऱ्याने किंवा पावसाने रद्द झाली: मेल आणि स्पॅम दोन्ही पाहा, बदली वेळ तिथेच येते. पाऊस झाला असेल तर कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यांतून गाडी घालू नका, दूरच्या डोंगरावरचं पाणी तासाभराने येऊन आदळतं.

कुणाला गरगरलं, मळमळलं तर लगेच रावीला सांगा आणि बसच्या सावलीत बसवून ओआरएस घोट-घोट द्या. अशा वेळी 'एकच थांबा उरलाय' म्हणून माणसाला वाळूत ओढत नेऊ नका. कस्र अल-फरीद बसच्या खिडकीतूनही दिसतं.